हजारो प्रोसेसर, एकच गणित : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

समांतर महासंगणकांविषयी आलेल्या प्रश्नांतून हे निवडले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आणि कोडचे लांबलचक उतारे गाळले.

प्रश्न : एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवत राहण्याऐवजी हजारो साधे प्रोसेसर जोडण्याची वाट का धरली?

हौसेने नाही, नाइलाजाने. १९७६ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पोचलेल्या क्रे-१ या महासंगणकाच्या अंतर्गत घड्याळाचा एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा होता. तेवढ्यात सिग्नल जिथे हवा तिथे पोचलाच पाहिजे, म्हणून सिमूर क्रे यांनी आतली कुठलीही तार चार फुटांहून लांब होऊ दिली नाही. यंत्राला तो प्रसिद्ध अर्धवर्तुळाकार घाट आला तो यातून. कमाल वेग सेकंदाला १६ कोटी गणिते. आज ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो, त्यामुळे त्या दिशेने फार काही उरलेले नाही. त्यात विजेचा प्रश्न. ठोके वाढवायचे तर व्होल्टेज कमी करत न्यावे लागते, आणि एका मर्यादेखाली ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळू लागतो. २००४-०५ च्या सुमारास ३-४ गिगाहर्ट्झवर गाडी अडकली ती अडकलीच.

समांतर यंत्रांचे प्रयोग मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. इलियाक-४ मध्ये ६४ गणनघटक एकच आज्ञा एकाच वेळी पाळत. १९८३ मध्ये कॅलटेकच्या चार्ल्स साइट्झ आणि जेफ्री फॉक्स यांच्या गटाने ६४ इंटेल ८०८६ चिपा, प्रत्येकीजवळ अपूर्णांकांचे गणित करणारी एक साथीची ८०८७ चिप, सहा मितींच्या घनाच्या रचनेत जोडून 'कॉस्मिक क्यूब' उभा केला. प्रत्येक नोडला, म्हणजे जाळ्यातल्या एकेका संगणकाला, बरोबर सहा शेजारी. सामाईक मेमरी नाही, जे हवे ते निरोप पाठवून मागायचे. क्वार्कांमधल्या बलांची गणिते त्यावर झाली. इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर या प्रोसेसरमध्ये तर शेजाऱ्यांशी बोलायचे चार दुवे चिपेतच होते, आणि १९९१ चा भारतीय महासंगणक परम ८००० त्याच जातीच्या टी-८०० चिपांवर उभा राहिला. दुसऱ्या टोकाला कनेक्शन मशीन : एकेक बिटाचे ६५,५३६ प्रोसेसर.

१९९४ हे आमच्या मते खरे वळण. त्या वर्षी एमपीआय या निरोप-प्रणालीची पहिली आवृत्ती ठरली, आणि नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ डीएक्स-४ प्रोसेसर साध्या १० मेगाबिट इथरनेटने जोडून बेओवुल्फ क्लस्टर (संगणकांचा समूह) चालवला. यंत्र कुणाचेही असो, कोड तोच चालू लागला. आज पहिल्या क्रमांकावर असणारी यंत्रेही रक्ताने बेओवुल्फचीच वंशज आहेत, फक्त नेटवर्क वेगळे.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही. गणित करणे स्वस्त होत गेले, आकडे इकडून तिकडे नेणे महागच राहिले. चांगल्या नेटवर्कवर एक छोटा निरोप पोचायला साधारण दीड मायक्रोसेकंद लागतो. ठोक्याला १६ गणिते करणारा ३ गिगाहर्ट्झचा कोअर (प्रोसेसरमधला एक स्वतंत्र गणनघटक) तेवढ्या वेळात ७२ हजार गणिते करू शकला असता. खालची बहुतेक उत्तरे याच हिशेबातून निघतात.

प्रश्न : माझा प्रवाहाचा कोड ५१२×५१२×५१२ बिंदूंच्या जाळीवर पाच राशी (घनता, तीन वेग, ऊर्जा) सोडवतो. जाळी फक्त उभ्या दिशेने कापून प्रत्येक कोअरला आडवे थर दिले आहेत. ६४ कोअरवर वेग एका कोअरच्या ४० पट झाला. ५१२ कोअर घेतले तर तो वाढण्याऐवजी ३१ पटींवर घसरला. काळाच्या दर पायरीला सर्वांत मोठा वेग सगळ्यांकडून मागवतो, आणि निकाल लिहिताना डेटा रँक शून्यकडे (एमपीआय प्रत्येक सहभागी प्रक्रियेला रँक हा क्रमांक देते) गोळा करतो. चुकते कुठे?

आधी दोन आकड्यांवरूनच बरेच कळते. वेगवाढीचा व्यस्त घ्या, त्यातून कोअरसंख्येचा व्यस्त वजा करा, आणि आलेल्या संख्येला 'एक वजा कोअरसंख्येचा व्यस्त' ने भागा. कोडचा किती भाग जणू एकट्याने चालतो आहे, ते प्रमाण मिळते. ६४ कोअरवर ते येते ०.९५ टक्के, ५१२ वर ३.० टक्के. भाग खरोखर समांतर न होणारा असता तर दोन्हीकडे आकडा सारखा आला असता, आणि अ‍ॅमडालच्या नियमाने (एकट्याने चालणारा भागच वेगाची कमाल मर्यादा ठरवतो) ५१२ कोअरवर ८७ पट वेग मिळाला असता. आकडा कोअरबरोबर वाढतो आहे, म्हणजे दुखणे देवघेवीत आहे.

आता थर पाहू. ६४ कोअरवर प्रत्येकाकडे आठ थर, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्याकडून एकेक थर मागवायचा : आपल्या आठांसाठी परके दोन, म्हणजे २५ टक्के. ५१२ कोअरवर प्रत्येकाकडे एकच थर, परके दोनच. जेवढे गणित करायचे त्याच्या दुप्पट माल बाहेरून आणायचा. गणित आठव्या हिश्शावर आले, देवघेव जिथल्या तिथे. (एका बिंदूचे गणित करायला तुमच्या सूत्राला दोन्ही बाजूंचे दोन-दोन थर लागत असतील तर एका थराची वाटणी चुकीचीच आहे. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडचा डेटा हवा, आणि तो कोड मागत नाही. उत्तर येते, फक्त खोटे.)

एवढ्याने वेग वाढायचा थांबला असता. घसरला, याचे पहिले संशयित म्हणजे रँकची मांडणी. एका थराची एक बाजू पाच राशींसह १० मेगाबाइट भरते. ६४ कोअरचे नोड असतील आणि रँक ओळीने बसवले असतील, तर नोडच्या बाहेर फक्त दोन बाजू जातात, २० मेगाबाइट. यंत्रावर कामे (जॉब) वाटणाऱ्या शेड्युलरने रँक पत्ते वाटावेत तसे एकेक करून आठ नोडांवर फिरवत टाकले असतील, तर प्रत्येक शेजारी परक्या नोडवर जातो आणि एका नेटवर्क कार्डातून दर पायरीला १.३ गिगाबाइट बाहेर काढावे लागतात. १०० गिगाबिटच्या कार्डाला त्यासाठी दशांश सेकंद लागेल. एका थराच्या २ लाख ६२ हजार बिंदूंचे गणित, बिंदूमागे ५०० क्रिया आणि कोअरला सेकंदाला २०० कोटी धरल्या तरी, ०.०७ सेकंदात उरकते. जॉबमध्ये रँक-वाटप ओळीने मागा आणि रँक कोअरला बांधून टाका. हे फुकटचे दुरुस्तीकाम, आधी हेच करून पाहा.

खरा उपाय जाळी तिन्ही दिशांनी कापणे. ८×८×८ वाटणीत प्रत्येकाकडे ६४ बिंदू बाजूचा ठोकळा येतो. सहा बाजूंचे मिळून २४,५७६ परके बिंदू, स्वतःच्या २,६२,१४४ च्या ९.४ टक्के. दर पायरीची आवक २० मेगाबाइटवरून १ मेगाबाइटच्या आत येते. वाटणी एमपीआयच्या डिम्स-क्रिएट आणि कार्ट-क्रिएट या फंक्शनांकडून करून घ्या, शेजाऱ्यांचे क्रमांक हाताने काढू नका. आता जिथे हटकून चुकते त्या जागा :

दोन दिशांच्या बाजू मेमरीत सलग नसतात. त्या तुकड्यातुकड्याने वेचून बफरमध्ये (तात्पुरत्या सलग जागेत) भराव्या लागतात, किंवा ठरावीक अंतरावरचे तुकडे वेचणारा एमपीआयचा व्हेक्टर प्रकार जाहीर करावा लागतो. सलग समजून पाठवल्या तर कोड कोसळत नाही, भलतेच आकडे जातात. सूत्रात तिरपे शेजारी येत असतील तर आधी एका दिशेची देवघेव पूर्ण करा, मग आलेल्या कडांसह दुसरीची, मग तिसरीची. कोपरे आपोआप भरतात, वेगळे निरोप लागत नाहीत.

दोघांनीही आधी सेंड (पाठवणे) आणि मग रिसीव्ह (घेणे) लिहिले असेल तर छोट्या जाळीवर सगळे सुरळीत चालते, कारण छोटे निरोप लायब्ररी परस्पर बफरमध्ये टाकून मोकळी होते. निरोप ठरावीक आकाराच्या वर गेला की सेंड समोरच्या रिसीव्हची वाट पाहत थांबतो. दोघेही थांबतात, जॉब वेळ संपेपर्यंत लटकतो, आणि कोअर शंभर टक्के चालू दिसतात. म्हणून क्रम असा ठेवा : आधी सगळे आयरिसीव्ह, मग आयसेंड (न थांबता घेणारी आणि पाठवणारी फंक्शने), मग ठोकळ्याच्या आतल्या बिंदूंचे गणित, मग वेटऑल (सगळे निरोप पूर्ण होईपर्यंत थांबणे), शेवटी कडेचे बिंदू. वेटऑलच्या आधी पाठवायच्या बफरला हात लावायचा नाही.

निकाल लिहिणे राहिले. पाच राशींची पूर्ण जाळी ५.४ गिगाबाइट होते. ती एका रँककडे गोळा होईपर्यंत आणि तो लिहीपर्यंत बाकीचे ५११ बसून असतात, आणि कोअर वाढवून यात पैचाही फरक पडत नाही. एमपीआय-आयओ किंवा समांतर एचडीएफ-५ ने सगळ्यांनी मिळून एकाच फाइलमध्ये लिहावे. प्रत्येक रँकची स्वतंत्र फाइल हा शॉर्टकट ५१२ पर्यंत खपतो, पुढे फाइल प्रणालीचा मेटाडेटा सर्व्हर (फाइलींची नावे आणि जागा सांभाळणारा) मान टाकतो. सर्वांत मोठा वेग दर पायरीला मागवायची गरज सहसा नसते. दर दहा पायऱ्यांनी मागवा आणि काळाच्या पायरीत थोडी सूट ठेवा.

हे सगळे करण्याआधी गणित, देवघेव, सर्वांकडून मागवणे आणि लिहिणे या चार भागांभोवती घड्याळ लावा, आणि प्रत्येकाची सर्व रँकमधली सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेळ छापा. नुसती सरासरी छापली तर एकच रँक सगळ्यांना ताटकळत ठेवतो आहे हे कधीच दिसत नाही.

प्रश्न : अ‍ॅमडालचा नियम जर इतका कडक आहे, तर लाखो कोअरची यंत्रे बांधतातच कशाला?

कारण मोठे यंत्र मिळाले की शास्त्रज्ञ तेच गणित लवकर संपवत नाहीत, मोठे गणित मांडतात. जाळी मोठी झाली की समांतर भाग फुगतो, एकट्याने करायचा भाग जवळपास तेवढाच राहतो. १९८८ मध्ये सँडिया प्रयोगशाळेतील जॉन गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी १,०२४ प्रोसेसरच्या एनक्यूब या समांतर यंत्रावर गणित कोअरबरोबर वाढवत नेऊन हजार पटींहून जास्त वेगवाढ दाखवली. कोडचा वेग सांगताना गणित तेच ठेवले होते की वाढवले, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : जागतिक यादीत पहिले आलेले यंत्र माझ्या कामालाही सर्वांत वेगवान असेल का?

तसे गृहीत धरू नका. टॉप-५०० ही यादी १९९३ पासून लिनपॅकवर ठरते. लिनपॅक म्हणजे भरगच्च मॅट्रिक्सची समीकरणे सोडवणे. 'न' इतक्या ओळींच्या मॅट्रिक्समध्ये डेटा न-वर्ग आणि क्रिया न-घनाच्या प्रमाणात, त्यामुळे मेमरीतून आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि प्रोसेसर कधी उपाशी राहत नाही. प्रवाह, हवामान, रचनांचे ताण यांची मॅट्रिक्स मात्र विरळ, म्हणजे बहुतेक आकडे शून्य असलेली, असतात. प्रत्येक शून्येतर आकड्यासाठी ८ बाइटची किंमत आणि ४ बाइटचा पत्ता आणायचा, आणि त्यावर एक गुणाकार, एक बेरीज, बस्स.

जपानच्या फुगाकू महासंगणकाचा ए६४एफएक्स प्रोसेसर घ्या. मेमरीतून सेकंदाला १,०२४ गिगाबाइट येतात, हा आकडा मुळातच फार चांगला आहे. १२ बाइटला दोन क्रिया या दराने १७० अब्ज क्रिया होतात. प्रोसेसरची कमाल क्षमता सुमारे ३,००० अब्ज. म्हणजे साडेपाच टक्के, तेही नेटवर्कचा खर्च धरण्याआधी. प्रत्यक्ष मोजणीत लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १० वर १५ वा घात इतक्या क्रिया) देणारा फुगाकू विरळ मॅट्रिक्सच्या एचपीसीजी चाचणीत १६ पेटाफ्लॉप देतो, ३.६ टक्के. यंत्र निवडताना तुमच्या कामाला एचपीसीजीचा आकडा आणि कोअरमागे मिळणारी मेमरी-बँडविड्थ जास्त उपयोगी.

प्रश्न : तोच कोड, तोच इनपुट. ४८ कोअरवर आणि ९६ कोअरवर शेवटचे आकडे वेगळे येतात. बग आहे का?

बहुधा नाही, पण तपासल्याशिवाय सोडू नका. संगणकातली बेरीज क्रमावर अवलंबून असते. दुहेरी अचूकतेत १० वर १६ वा घात या संख्येत १ मिळवून तीच संख्या वजा केली तर उत्तर ० येते. आधी वजा करून मग १ मिळवला तर १ येतो. कोअर बदलले की अंशबेरजांचा क्रम बदलतो, आणि शेवटचे अंक हलतात.

पहिल्या पायरीनंतरचा फरक पाहा. तो चौदाव्या-पंधराव्या सार्थ अंकात असेल तर निश्चिंत राहा. गोंधळी प्रवाहात तोच फरक पुढे वाढत जाणार, तेव्हा तिथे सरासरी आणि वर्णपट जुळवायचे, एकेक बिंदू नाही. पहिल्याच पायरीला चौथ्या-पाचव्या अंकात फरक असेल, तर कडेचे परके बिंदू न भरता वापरले जात आहेत किंवा दोन थ्रेड (एकाच मेमरीवर एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकाच जागी लिहीत आहेत. १, २, ३ आणि ७ रँकवर चालवून पाहा. तीन-सातसारख्या संख्यांनी जाळी समान विभागली जात नाही, आणि लपलेल्या चुका तिथेच उघड्या पडतात.

प्रश्न : विज्ञानाच्या कोणत्या शाखांना समांतर यंत्रांचा सर्वांत जास्त फायदा झाला?

ज्यांचे गणित अवकाशात कापता येते त्यांना. काळ कापता येत नाही, आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची नाही. आणि तिथेच शाखाशाखांत फरक पडतो.

हवामानात जाळीचे अंतर १२ किलोमीटरवरून ६ वर आणले की आडवे बिंदू चौपट होतात. काळाची पायरीही निम्मी करावी लागते, कारण एका पायरीत वारा किंवा लहर एका चौकटीपलीकडे उडी मारून गेली तर गणित फुटते. झाले आठपट काम. पण चौपट कोअर घेऊनसुद्धा वेळ दुप्पटच लागतो, कारण पायऱ्या दुप्पट झाल्या. उलट, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून पन्नास अंदाज शेजारी-शेजारी चालवणे हे काम आदर्श समांतर आहे. युरोपीय मध्यम पल्ल्याचे हवामान केंद्र तसेच करते.

प्रथिनांच्या रेणूंचे दुखणे याहून मोठे. अणूंच्या कंपनांमुळे पायरी दोन फेमटोसेकंदांच्या (फेमटोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग) आसपास ठेवावी लागते. एक मायक्रोसेकंद पाहायचा तर ५० कोटी पायऱ्या. पायरीला एक मिलिसेकंद लागला तरी पावणेसहा दिवस झाले. कोअर वाढवत नेले आणि प्रत्येकाकडे शे-दोनशे अणू उरले, की पायरीचा वेळ निरोपांच्या वेळाखाली जातच नाही. डी. ई. शॉ रिसर्चने याच कारणासाठी अँटन हे ५१२ नोडांचे यंत्र मुळापासून निरोपांचा वेळ कमी करण्यासाठी बनवले, आणि एका लहान प्रथिनाचा एक मिलिसेकंदाचा प्रवास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

विश्वाच्या रचनेत अडचण वेगळीच. २००५ चे मिलेनियम सिम्युलेशन २१६० चा घन, म्हणजे सुमारे हजार कोटी कण घेऊन ५१२ प्रोसेसरवर चालले. कण गुरुत्वाने गोळा होत जातात, त्यामुळे अवकाश समान कापले तर काहींकडे गर्दी आणि काहींकडे शुकशुकाट. अशा कोडमध्ये अवकाशभर वळणे घेत जाणारी एक पेआनो-हिल्बर्ट वक्ररेषा काढतात आणि तिचे तुकडे बिंदूंच्या नव्हे, कामाच्या भाराने समान पाडतात. शेजारचे कण बहुतेक एकाच तुकड्यात राहतात, म्हणून देवघेवही आवाक्यात राहते.

प्रश्न : मोठ्या जॉबमध्ये चेकपॉइंट (बिघाडानंतर तिथून पुढे सुरू करता यावे म्हणून जपून ठेवलेली कोडची स्थिती) किती वेळाने घ्यावा?

जॉन यंग यांचे १९७४ चे सूत्र अजून पुरते : २ गुणिले चेकपॉइंट लिहायचा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी काळ, याचे वर्गमूळ. एक नोड सरासरी दहा वर्षांत एकदा बिघडतो असे धरले, तर ९,००० नोडांचे यंत्र पावणेदहा तासांना एकदा अडते. लिहायला ५ मिनिटे लागत असतील तर साधारण ७५ मिनिटांनी घ्यावा. जॉब शंभर नोडांवर असेल तर बिघाडांमधला काळ ९० पट लांबतो आणि अंतर बारा तासांपर्यंत जाते. पण क्यूची वेळमर्यादा त्याआधीच येत असेल तर तीच पाळा.

जुन्या चेकपॉइंटवरच नवा लिहू नका, लिहितानाच जॉब मेला तर दोन्ही गेले. तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला, आधीचा एक राखून ठेवा. यादृच्छिक आकड्यांच्या जनकाची स्थिती आणि पायरीचा क्रमांक त्यात असलाच पाहिजे. आणि मोठा जॉब टाकण्याआधी, शंभर पायऱ्या सलग चालवून, मग पन्नासवर थांबवून पुन्हा सुरू करून, दोन्ही निकाल ताडून पाहा. चेकपॉइंट घेणारे पुष्कळ, तो वाचून पाहणारे थोडे.

प्रश्न : कोडचा सर्वांत जड लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरवर, नेला, तर एकूण वेळ वाढला. असे का?

दर पायरीला डेटा नेता आणि परत आणता म्हणून. जीपीयूची स्वतःची मेमरी सेकंदाला हजार-दोन हजार गिगाबाइट देते. प्रोसेसर आणि जीपीयू यांना जोडणारी पीसीआय एक्स्प्रेसची चौथ्या पिढीची सोळा पदरी वाट एका दिशेने ३२ च्या आत. एक लूप दहापट वेगाने चालला तरी वाटेत तो फायदा जातो. सगळ्या राशी सुरुवातीला एकदाच जीपीयूवर चढवा, किरकोळ लूपसुद्धा तिथेच चालवा, मग ते तिथे संथ का होईनात. खाली फक्त कडेचे बिंदू आणि निकाल उतरवा. एमपीआय जीपीयूच्या मेमरीचा पत्ता थेट स्वीकारणारी असेल तर कडाही प्रोसेसरमार्गे फिरवायची गरज नाही. तशी आहे की नाही ते बांधणीच्या पर्यायांत तपासून घ्या, कारण नसलेल्या एमपीआयला तो पत्ता दिला की जॉब पहिल्याच देवघेवीला सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो.